आखाजीचा मार

ईशा, निनाद,

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं माझ्या कपाळाच्या वर डाव्या बाजूला बघता आणि लगेच हवामानाबद्दल बोलायला लागता. तिथे दोन खड्डे आहेत, बोटाचं टोक बसेल एवढे. केस विरळ झाल्यामुळे ते झाकले जात नाहीत आणि झाकायची मला गरज वाटत नाही. तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं, आजीचं छोटंसं ऑपरेशन झालं. तुमच्या मामाने सांगितलं, आजी पडली. दोघंही मायेने बोलले, पण मायेने बोललेलं खरं असतंच असं नाही. म्हणून हे लिहिते आहे. उजव्या हाताला अजून जोर नाही, त्यामुळे रोज थोडं थोडं.

दुसऱ्या कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, आणि तो कुणी मारला हे बोलायची घरातल्यांची हिंमत होत नसेल, तर त्यांनाही हे वाचायला द्या.

फाटक

धरणगाव माझं माहेर. अक्षय तृतीयेला आपल्याकडे आखाजी म्हणतात आणि आखाजीला लेक माहेरी जाते. सत्तरी ओलांडली तरी ती लेकच. त्या दिवशी पितरांची घागर भरायची, पुरणपोळी आणि आमरस खायचा, बायकांनी झोके घ्यायचे, पुरुषांनी पत्ते कुटायचे. एरवी पत्त्याला हात न लावणारी माणसंही त्या दुपारी अंगणात सतरंजी टाकून बसतात. खेळ सुट्या पैशांवरच असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कायद्याला ते चालत नाही. ठीक आहे, कायदा मोडला तर पोलिसांनी यावं. पण यायची एक रीत असते.

जेवणं झाली होती. माझा भाऊ नाना आतल्या खोलीत झोपला होता. बायका-पोरी मधल्या घरात आडव्या झाल्या होत्या. मी ओट्यावर खाटेवर, आणि अंगणात मांडवाखाली पुरुषांचा डाव. शेजारच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, तिथून गाणं ऐकू येत होतं. दोन अंगणांच्या मध्ये पुरुषभर उंचीची भिंत.

फाटक बुटाने उघडलं. पाच पोलिस आत आले. खेळणारे मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पळाले. त्यात दोघांचे गुडघे नुकतेच बदललेले होते, पण त्या क्षणी ते कुणाच्या लक्षात आलं नसतं. नानाचे जावई भास्करराव मात्र सतरंजीवरून हलले नाहीत. सासऱ्याच्या अंगणातून जावयाने पळायचं नसतं.

एक हवालदार सरळ ओट्याच्या पायऱ्या चढून मधल्या घराच्या दाराकडे निघाला. आत बायका झोपलेल्या. त्याचा शर्ट घामाने भिजलेला, वरची बटणं उघडी, छातीवर नावाची पट्टी नाही. मी खाटेवरून उठले आणि दारात उभी राहिले.

एवढं आठवतं. त्यानंतर आठवतो तो थेट निंबाचा शेंडा आणि तोंडावर वहिनीचा ओला पदर. मधलं काहीही नाही.

पत्ते आणि सतरंजी पोलिसांनी पंचनामा करून नेली, पण खेळणाऱ्यांत नाव कुणाचंच लिहिलं नाही, भास्कररावांचंही नाही. मी ओट्यावर पडले होते, माझा पंचनामा झाला नाही.

गावातल्या डॉक्टरांनी टाके घातले. संध्याकाळी नाना उशाशी बसून म्हणाला, "त्यानीच मारं आक्का. समोरून, लाठीघाई."

"कुणी बघितलं?"

"बठ्ठासनी."

लाठीघाई म्हणजे लाठीने, बठ्ठासनी म्हणजे सगळ्यांनी. हे सगळे कोण, ते पुढे कळेलच.

धुळ्याला कप पडला

त्यानंतर काही आठवडे डोकं दुखत राहिलं. वय झालं, ऊन लागलं, चष्म्याचा नंबर वाढला, जो भेटेल त्याने एक कारण दिलं. तुमची आई मला विश्रांतीसाठी धुळ्याला घेऊन गेली.

तिथे एका सकाळी माझ्या हातून चहाचा कप पडला. कप कुणाच्याही हातून पडतो. पण मी खाली सांडलेल्या चहाकडे बघत होते आणि हात मात्र अजून कप धरल्यासारखा वरच होता. मी तुमच्या आईला म्हणाले, "सुनंदा, गुरुवार आण."

मला फडकं म्हणायचं होतं.

ती हसली. मी पुन्हा म्हणाले, "गुरुवार, गुरुवार." मग ती हसायची थांबली.

दुपारपर्यंत आम्ही रुग्णालयात होतो आणि माझ्या डोक्याच्या स्कॅनचा फोटो हातात होता. तरुण डॉक्टर, आवाज मऊ. त्यांनी फोटो उजेडावर धरून समजावलं, की कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये रक्त साचलं आहे, एकदम नाही, हळूहळू झिरपत. वयस्कर माणसांत मार लागल्यावर कित्येक आठवड्यांनी असं दिसतं. कवटीला भोकं पाडून ते काढावं लागेल. मला सगळं नीट समजत होतं, हे लक्षात ठेवा. शब्द बाहेर पडत नव्हते, पण आत येत होते. अशा माणसासमोर तो तिथे नसल्यासारखं बोलू नका.

मग त्यांनी विचारलं, "डोक्याला मार कसा लागला?"

शिरीष, तुमचा मामा, जळगावहून धावत आला होता. तो म्हणाला, "बाथरूममध्ये पडली."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी सगळा जोर लावून 'नाही' म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं, "खिडकी."

"हो आजी, लावतो हं," डॉक्टर म्हणाले, आणि उठून त्यांनी खिडकी लावली.

आयुष्यभर मी जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. दोन भाषा माझ्या दिमतीला होत्या. त्या दिवशी एका खोट्या वाक्याला विरोध करायला दोन्हींतला एक शब्द आला नाही.

दाराबाहेर तुमची आई आणि मामा भांडत होते, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"दादा, खोटं का सांगितलंस?"

"मारहाण म्हटलं की डॉक्टरांना ठाण्यात कळवावं लागतं. आणि ठाण्यातून जबाब घ्यायला येणार कोण? तेच ना? माझं दुकान आहे, सुनंदा. रोज शटर उघडायचं असतं मला."

आपल्या भागात हीच चूक घराघरांत होते. मार देणाऱ्याला वाचवायचा कुणाचा हेतू नसतो. आपण वाचावं एवढाच असतो. आणि पहिल्याच कागदावर खोटं बसतं.

वॉर्ड

ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही, मी झोपले होते. त्याआधी डोकं भादरलं ते सांगते. भीती मरणाची नव्हती. जिवंत राहून जन्मभर फडक्याला गुरुवार म्हणत बसायची होती. मस्तकावरून वस्तरा फिरत होता आणि मी मनातल्या मनात पाढे म्हणत होते. पाढे जागेवर होते. त्यामुळे थोडा धीर आला.

शुद्धीवर आले तेव्हा डोक्यातून एक नळी निघून पिशवीत गेली होती. पिशवीतलं रक्त लाल नव्हतं. गॅरेजमध्ये गाडीखाली जुनं ऑइल साचतं तसं काळपट होतं. ते बघून मला बरं वाटलं. ते आता माझ्यात नव्हतं.

रोज सकाळी डॉक्टर तेच प्रश्न विचारत. नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता, पंतप्रधान कोण. वाराला मी घाबरायचे, कारण गुरुवार कुठल्याही दिवशी तोंडात यायचा. शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं आणि मतही दिलं. डॉक्टरांनी फक्त उत्तर लिहून घेतलं.

वळवी नावाच्या सिस्टर होत्या, नंदुरबारकडच्या. दुपारी वॉर्ड शांत झाला की त्या माझ्यासमोर एकेक वस्तू धरायच्या. चमचा, कंगवा, किल्ली. मी चुकले तरी बरोबर शब्द सांगायच्या नाहीत. "घाई नाय आजी. येईल चालत." आणि शब्द खरंच चालत यायचा. एकदा कंगवा समोर धरला तेव्हा मी म्हणाले, "हा मला आता कशाला?" त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खाटेवरचा पेशंट जागा झाला. टक्कल पडलेल्या बाईने केलेला तो माझा पहिला विनोद. त्या दिवशी मला कळलं, मी परत येते आहे.

डोक्याला बांधायला त्यांनी स्वतःची सुती ओढणी दिली. अजून माझ्याकडे आहे.

नळी काढल्यावर शिरीष भेटायला आला. मी वाक्य आधीपासून जुळवून ठेवलं होतं. "शिरीष, मी पडले नव्हते."

"माहीत आहे आई."

"मग?"

तो खाटेच्या दांड्यावर डोकं टेकून रडला. मी हात फिरवला. डावा, कारण उजवा अजून ऐकत नव्हता. पण वाक्य मागे घेतलं नाही.

कैफियत

जळगावला, मेहरूणच्या घरी परत आले. रबरी चेंडू दाबायचा, बाराखडी गिरवायची, मोठ्याने वाचायचं, असा दिनक्रम लावला. चालता यायला लागल्यावर धरणगावच्या ठाण्यात तक्रार घेऊन गेले. तिथे सांगितलं, साहेब बंदोबस्ताला गेलेत. पुन्हा गेले, तरी साहेब बंदोबस्तालाच. ज्या साहेबांना सदा दुसऱ्यांचा बंदोबस्त करायचा असतो, त्यांच्याकडे स्वतःच्या माणसांसाठी वेळ कुठून असणार.

शेवटी माझी जुनी विद्यार्थिनी ॲडव्होकेट संघमित्रा तायडे हिच्याकडे गेले. तिने नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावायचं ठरवलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "बाई, दिवाणीत तीळमात्र शंका उरू नये असं नसतं. घडलं नसेल यापेक्षा घडलं असेल हे जास्त पटलं पाहिजे, एवढंच. पण 'पोलिसांनी मारलं' हे पुरणार नाही. कुणी मारलं? तो एक माणूस दाखवावा लागेल. आणि तो तिथे सरकारचा माणूस म्हणून होता हेही."

शिरीषने दोन दिवस जेवणावर राग काढला. "आई, आपल्याला इथेच राहायचंय."

"मलापण इथेच राहायचंय. म्हणून तर."

दाव्याला सरकारी वकिलांनी उत्तर दिलं, त्याला कैफियत म्हणतात. अशी कैफियत मी वाचली नव्हती. वादी, म्हणजे मी, त्या दिवशी तिथे नव्हते. असल्यास मला कुणी मारलं नाही, वयोमानाने पडले, तसं रुग्णालयात माझ्या मुलानेच सांगितलं आहे. मारलं असल्यास पळणाऱ्या जुगाऱ्यांपैकी कुणाचा धक्का लागला. पोलिसाने मारलं असल्यास ते त्याने स्वतःच्या मर्जीने मारलं, सरकारचा संबंध नाही. शिवाय वादीने पोलिस पथकास उद्देशून अपमानास्पद शब्द वापरले. जी बाई तिथे नव्हती तिने!

उशिरा येणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. सायकल पंक्चर झाली, आणि सायकल नाहीच, आणि आज लवकरच आलो होतो, असं तिन्ही एका दमात सांगणारा मुलगा मात्र मला कधी भेटला नाही. तो बहुधा शिकून सरकारी वकील होतो.

दाराकडे चढून आलेल्या ज्या हवालदाराला, माझ्या लक्षात राहिलेल्या चेहऱ्यावरून शोधून, आम्ही प्रतिवादी केलं, त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की तो सगळा वेळ गल्लीच्या तोंडाशी जीपजवळ उभा होता. त्याने मला पाहिलंसुद्धा नाही.

आणि सगळ्यांत लाजिरवाणं वाक्य शेवटी होतं. वादीच्या मेंदूला इजा झालेली असल्याने तिच्या स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही. आधी डोकं फोडायचं, मग कोर्टाला सांगायचं, हिच्या डोक्यावर विश्वास ठेवू नका.

अडचण ही, की त्यात थोडं तथ्य होतं. मार मला आठवत नव्हता. कोर्टात कुणी विचारलं, तुम्हाला कुणी मारलं ते सांगा, तर मला खरं उत्तर द्यावं लागणार होतं, की मी ते सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणी तरी सांगायला हवं होतं.

भास्करराव

पळालेले सगळे गावात भेटले की हळहळत. "आक्का, लई वाईट झालं." साक्ष द्याल का, म्हटलं की त्यातला प्रत्येक जण त्या दुपारी दुसरीकडे कुठे तरी होता. साक्ष द्यायची म्हणजे आधी 'मी जुगार खेळत होतो' म्हणायचं. एका माणसाने मला सांगितलं, तो देवळात होता. त्याचे पत्ते मी स्वतः बघत होते. हातात राणी आली की तो मिशीला हात लावतो.

आतल्या बायका जाग्या झाल्या तेव्हा त्यांना दारातली माझी पाठच दिसली होती. राहिले भास्करराव. ते पळाले नव्हते. समोर बसून त्यांनी सगळं बघितलं होतं. धुळ्याला एका सरकारी कचेरीत ते अधिकारी आहेत. संघमित्रा आणि मी त्यांच्या घरी गेलो. नानाच्या लेकीने पोहे केले आणि ती आत गेली ती बाहेर आलीच नाही.

"आक्का, तुमचं दुःख मला कळत नाही का?" भास्करराव म्हणाले. "पण वकील विचारणार, तुम्ही तिथे काय करत होता."

"पत्ते खेळत होतात."

"तेच तर ना. खात्यात चौकशी लागेल. बढतीचं चाललंय माझं. रोज देवापुढे तुमचं नाव घेतो मी."

"देवाला साक्षीला बोलावता येत नाही, भास्करराव. तुम्हाला येतं."

संघमित्रा म्हणाली, "साहेब, आम्ही समन्स काढू शकतो."

ते शांतपणे म्हणाले, "काढा. मी सांगेन, माझं तोंड दुसरीकडे होतं."

मी पोह्यांना हात लावला नाही. माणूस भित्रा असतो हे मला समजतं. माझा मुलगाही होता. पण भीती एवढी नीट इस्त्री करून घातलेली मी कुणाच्या अंगावर पाहिली नव्हती.

झोका

मग एका सकाळी मेहरूणच्या घरी लता आली. लता नानाच्या शेजाऱ्यांची लेक, सावद्याला दिलेली, घरची केळीची शेती. तीही त्या आखाजीला माहेरी आलेली होती. केळीचा घड दारात ठेवून ती खाली बसली आणि म्हणाली, "आक्का, मी दखं शे त्याले. झोकावर व्हतू मी. कोर्टमा सांगसू."

"तुझ्या घरचे काय म्हणतात?"

"मनी सासू म्हणे, खरं शे ते सांगी ये आणि सांजले घर ये."

कोर्टात तिच्या आधी डॉक्टरांची साक्ष झाली. ते प्रामाणिकपणे म्हणाले, असं रक्त पडल्यानेही साचतं आणि फटक्यानेही. मग शिरीष पिंजऱ्यात उभा राहिला. मी त्याचे हात बघत होते. कठड्याला घट्ट धरलेले.

"रुग्णालयात तुम्ही सांगितलंत, आई बाथरूममध्ये पडली?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो."

"ते खोटं होतं?"

"हो."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

"तेव्हा पोलिसांना भीत होतो. आजही भितो. ते तिथे बसलेत आणि तरी बोलतोय, यावरून."

मी त्याला क्षमा केली असं म्हणणार नाही, कारण त्या वाक्यानंतर क्षमा करण्यासारखं काही उरलं नाही.

लता उभी राहिली. वकील मजेत होते.

"वय काय बाई तुमचं?"

"नातवंडं शेतस माले."

"आणि झोका खेळत होतात?"

"आखाजीले कोनी वय ईचारस का, दादा?"

मागे हसू उमटलं. वकिलांनी चष्मा सारखा केला. भिंत एवढी उंच, झोका हलता, ऊन डोळ्यावर. चेहरा कसा ओळखला? लता म्हणाली, झोका वर गेला की उतरायच्या आधी जरासा थांबतो, तेवढ्यात भिंतीपलीकडचा ओटा अख्खा दिसतो. एकदा वर गेले तर हाच माणूस आक्कांच्या समोर, हातभर अंतरावर, लाठी वर. तिने बोट दाखवलं. दुसऱ्यांदा वर गेले तर आक्का खाली, आणि हा तिथेच.

"आणि मध्ये?"

"मधमा झोका खाले व्हता."

"म्हणजे लाठी लागताना तुम्ही पाहिली नाही?"

लताने माझ्याकडे बघितलं नाही. "नई. ते नई दखं."

वकील खाली बसले आणि टेबलावरचं पाणी प्यायले, सगळं. माझं डोकं त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी ठणकायला लागलं. लता खोटं बोलली असती तर दावा तिथेच जिंकला असता, असं बाहेर कुणीतरी म्हणालं. माझ्याने ते ऐकवलं नाही. तिला मी जवळ घेतलं.

जीपजवळ

शेवटी तो हवालदार आला. इस्त्रीचा गणवेश, आज छातीवर नावाची पट्टी होती. संघमित्राने आवाज न चढवता सुरुवात केली.

"तुम्ही पूर्ण वेळ जीपजवळ होतात?"

"पूर्ण वेळ."

"बाईंना पाहिलं नाही?"

"नाही."

"कैफियतीत लिहिलंय, बाईंनी अपमान केला. तो मग तुमचा नव्हे."

"पथकाचा."

"म्हणजे आत गेलेल्यांचा. तुम्ही तर गाडी राखत होतात."

"गाडी राखायला ड्रायव्हर असतो," तो म्हणाला. मान ताठ झाली.

"बरं, ड्रायव्हरला सोबत करत होतात. बाईंना तुम्हाला काही बोलायचं कारणच नव्हतं. तुमच्याकडे कुणाचं लक्षही नसेल. बाई काय म्हणाल्या, कुणाला म्हणाल्या, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. बरोबर?"

सरकारी वकील उठायला लागले, पण उशीर झाला होता.

"माहीत नाही कसं? मलाच म्हणाल्या!" तो म्हणाला. "'आधी बाहेर जा, दार वाजव, विचार, आणि मग आत ये.' आतल्या बायांसमोर! वर्दीत असताना! पहिलीतल्या पोराला सांगतात तसं! आणि आवाज चढवून नाही, हळू, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून."

न्यायाधीश लिहीत होते.

तुमच्या आईने माझा हात घट्ट धरला. ते माझंच वाक्य होतं. जळगावातल्या किती तरी मुलांनी ते ऐकलंय. बुटांसह धडाधड घरात शिरताना तुम्हीही ऐकलंय. त्या दुपारी मी काय केलं, काही बोलले की नुसती थरथरत उभी होते, हे मला ठाऊक नव्हतं. रुग्णालयातल्या खाटेवर मी तेच शोधत पडून राहायचे. माझ्या डोक्यातून जे वाहून गेलं होतं, ते या माणसाने स्वतःच्या डोक्यात जपून ठेवलं होतं, अपमान म्हणून. मला मारलं हे तो लपवू शकत होता. एका म्हातारीने त्याला दार वाजवायला सांगितलं, हे मात्र त्याच्याने गिळवलं नाही.

"एवढंच," संघमित्रा म्हणाली आणि बसली.

निकाल

न्यायाधीशांनी लिहिलं ते साधं होतं. लताने न पाहिलेलं न पाहिलं म्हणून सांगितलं, म्हणून तिने पाहिलेलं विश्वासार्ह. फटक्याच्या आधी आणि नंतर वादीच्या हातभर अंतरावर हाच एक माणूस. त्याने ऐकलेलं वाक्य जीपजवळून ऐकू येण्यासारखं नाही. तेव्हा वादीला मारलं ते यानेच, असं मानणं जास्त संभवनीय. तो छाप्याच्या कामावर, गणवेशात, शासनाच्या हुकमाने तिथे गेला होता. म्हणून शासनही जबाबदार.

तो तुरुंगात गेला नाही. दिवाणी दाव्यात कुणी जात नाही. नोकरीही शाबूत आहे. सरकार अपील करणार आहे. स्वतःचा पैसा नसला की लोक हौसेने कोर्टात जातात. भास्कररावांना बढती मिळाली. त्यांनी पेढे पाठवले, मी परत पाठवले.

तुमच्यावर कधी वेळ आली तर डॉक्टरांना पहिल्या प्रश्नालाच खरं सांगा. मार कुणी दिला ते तिथेच सांगा. पुढे ते सिद्ध करायला दहा माणसं लागतात आणि त्यातली नऊ देवळात असतात. डोक्याला मार लागल्यावर महिन्यानेही हातून कप पडला तर हसू नका. आणि शब्द हरवलेल्या माणसासमोर वस्तू धरा आणि थांबा.

निकालाच्या दिवशी मी शिरीषचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्या उतरत होते. चहाच्या टपरीपाशी तो हवालदार दोन सोबत्यांबरोबर उभा होता. मला बघून तो मोठ्याने म्हणाला, "बाई, अपिलात बघू."

शिरीष मला पुढे ओढायला लागला. मी थांबले. त्याच्यासमोर, हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले.

"जरूर या," मी म्हणाले, हळूच. "या वेळी मी काय म्हणाले ते माझ्याही लक्षात राहील."